चष्म्याच्या दुकानासमोरची जागा

३ फेब्रुवारी

तिने काच पुसता पुसता वर बघितलं आणि हसली — माझं सगळं तिथेच बदललं! कॉलेज नंतर सुटलं. सुटलं कसलं, सोडलं. सरांच्या टेबलावर जर्नल आपटून बाहेर पडलो. पण त्याआधीच मी चष्म्याच्या दुकानात, तिच्या काउंटरपाशी राहून गेलो होतो.

आज महापालिकेत अर्ज दिला. फुटपाथवर बसून बॅगा दुरुस्त करायचा परवाना हवाय. चेन, रनर, बंद, चाकं. जागा — चौकात, चष्म्याच्या दुकानासमोर. खिडकीतले साहेब म्हणाले, "मार्केटच्या मागच्या गेटला जागा पडून आहे. कुणी घेत नाही, लगेच मिळेल. चौकातच कशाला?"

"गिऱ्हाईक तिथे असतं, साहेब."

खोटं बोललो. आणि किती सहज!

५ फेब्रुवारी

दादाचा फोन. "बाबांनी जन्मभर फुटपाथवर बॅगा शिवल्या, त्या तूही तिथेच बसावं म्हणून?" म्हटलं, हो, म्हणूनच! मग पुढे बरंच काय काय ऐकवलं त्याला. नंतर कळलं, त्याने केव्हाच ठेवला होता.

बाबांची पेटी उघडली. पक्कड अजून तेलकट आहे. खोलीत दुसरं कुणी नाही, म्हणून पेटीशीच थोडं बोललो.

९ फेब्रुवारी

चष्म्याचा स्क्रू आवळून घ्यायला गेलो. परत. माझे डोळे ठणठणीत आहेत, काचा साध्या. ती म्हणाली, "तुमचा स्क्रू फारच ढिला होतो हो." रस्ताभर हसत आलो, एकटाच! पण ते म्हणताना तिने शेजारच्या मुलीकडे का बघितलं असेल?

सांगून टाकलं तिला — आता मी तुमच्या समोरच बसणार. रोज. मान खाली घालून काच पुसायला लागली. लाजली असेल.

१३ फेब्रुवारी

मोजणी झाली. साहेबांनी टेप लावून खडूने चौकोन आखला आणि खांबावर नोटीस चिकटवली. कुणाची हरकत असेल तर त्याने सुनावणीला यायचं.

शेजारी मोजे विकणाऱ्या मावशी बसतात. त्यांनी इथली रीत सांगितली. नवा माणूस नको असेल तर या रांगेत कुणी भांडत नाही. पायाने खडू पुसून टाकायचा, बस्स. ज्याचा पुसला त्याने मुकाट निघायचं. "तुझा राहिला तर बस बाबा. पण असं सुतकी तोंड करून बसू नकोस, माझेही मोजे खपायचे नाहीत."

एवढ्या मोठ्या शहरात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा. पाय पोटाशी घेतले तर मावेन एवढी.

१६ फेब्रुवारी

पुसला!!

चांगला घासून पुसला. माझं टाळकंच फिरलं. मावशींच्या मोज्यांच्या ढिगाला लाथ मारली. "म्हातारे, रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?" सगळा चौक थांबून बघायला लागला. दुकानाच्या काचेतून तीसुद्धा.

मावशी मोजे गोळा करत राहिल्या. झटकायच्या, जोडी लावायच्या, ठेवायच्या. मग म्हणाल्या, "मी नाही पुसला. कोणी पुसला ते मला विचारू नकोस."

मुकाट निघायचं म्हणे! मी नाही निघणार.

१९ फेब्रुवारी

आज कुणाशी एक शब्द नाही. वाण्याने सुटे मागितले, तेव्हा मान हलवली. घसा खाकरून बघितला, आवाज आहे अजून.

२४ फेब्रुवारी

सुनावणी. हरकत कोणाची, असं साहेबांनी विचारलं आणि मागच्या बाकावरून ती उठली.

मला आधी वाटलं, माझ्या बाजूने बोलायला आली! खरंच वाटलं. आता हसू पण येत नाही.

"अडचण काय आहे?" साहेब म्हणाले. "रस्ता अडतो? दुकानाचं दार झाकलं जातं?"

"नाही. पण हा माणूस सारखा येतो. स्क्रू ढिला नसतो, मुद्दाम करून आणतो. आता दिवसभर समोरच बसणार. मला काउंटरवर मान वर करता येणार नाही. खडू मीच पुसला."

बोलून खाली बसली ती. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "ताई, ही हरकत नियमात बसत नाही." परवाना मंजूर.

जिंकलो! बसणार तिथेच. बघू दे रोज!

२५ फेब्रुवारी

हा माणूस.

२७ फेब्रुवारी

मावशींची माफी मागायला गेलो. त्यांच्या पिशवीची चेन उसवली होती, ती खाली बसून नवी घालून दिली. त्यांनी दोनतीनदा उघडून मिटून बघितली. "हात बरा आहे तुझा. डोक्याचंच काय ते बघायला हवं."

मग मोजे लावता लावता म्हणाल्या, "ती पोरगी हल्ली दुकानाच्या मागच्या बोळातून घरी जाते. दिवा नाही त्या बोळात."

"जाऊ दे की! माझा काय संबंध?"

"तेच तर," मावशी म्हणाल्या. "तेच तर ती सांगत होती."

२ मार्च

परवाना आला. शिक्का, सही, फोटोत चष्मा लावलेला मी. आजपासून चौकातली जागा माझी.

चष्मा पलंगावर ठेवलाय. मार्केटच्या मागच्या गेटची जागा अजून पडून आहे का, ते विचारायला चाललोय. दुकानावरून जाणार नाही, लांबच्या रस्त्याने जाईन. जागा मिळाली की मावशींना निरोप धाडेन, त्या तिला सांगतील — पुढच्या दाराने जा म्हणावं.

बाबांची पेटी घेतली. वही राहू दे इथेच. दार ओढून घेतो.