बुडी मारायचा सीझन

१० जून १९५७, पौड
आज पक्का निर्धार. मुळशीच्या धरणात बुडालेल्या आमच्या घरापर्यंत बुडी मारायची! आईची एकच इच्छा आहे, त्या उंबऱ्यावर एकदा पणती लावायची. लग्न होऊन तिथं आली आणि वर्षभरात पाणी आलं. नंतर ती तिकडे फिरकलीच नाही. पाण्यात पणती लागणार कशी? म्हणून उंबऱ्याचा दगडच वर आणतो. इंग्रजी मासिकात सचित्र लेख वाचला, सुट्टीत उष्ण कटिबंधातल्या समुद्रात बुड्या मारण्यावर. मुळशी उष्ण कटिबंधातच येते. लेख म्हणतो, सगळं यश सीझन निवडण्यात. पोहणं काय, नंतर शिकता येईल.

२ ऑगस्ट
पाणी गढूळ. हात घातला तर बोटं दिसेनात. पावसाळा बाद. आई म्हणाली, "तू म्हनशील तवा."

१९ ऑक्टोबर
पाणी नितळ, पण धरण तुडुंब. लेखातले साहेब लोकही इतके खोल जात नाहीत. मोटारीच्या ट्यूबचा प्रयोग केला. ट्यूब उत्तम तरंगते. मी काठावरून पाहिलं.

८ डिसेंबर
घोट्यापर्यंत उतरलो. आठवडाभर सर्दी. हिवाळाही बाद.
मेहुणा जयसिंग धरणाकाठी राहतो. मला हिणवायची एक संधी सोडत नाही. म्हणाला, "दाजी, बुडी कशापायी? वैशाखात पानी मागं सरतंय. उंबरा उगडा पडतोय. म्हातारीला घिऊन चालत जावा की!" चालत जायचं तर बुडी कसली? सगळ्या कचेरीला सांगून बसलोय. आईजवळ यातलं काही बोललो नाही. उन्हाळा मुळात सीझनच नव्हे.

१४ फेब्रुवारी १९५८
आई परसात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, आता उठून चालणं होणार नाही. आई रडली नाही. मी रडलो. आता दगड आणलाच पाहिजे, सीझन कुठलाही असो. (त्यातल्या त्यात मे बरा. पाणी कोमट.)

११ मे, रविवार
गेलो. चपला काढून हातात घेतल्या होत्या, त्या परत पायात घातल्या. पाणी पार खाली, जमीन भेगाळलेली. उंबऱ्याला टेकून जयसिंगची म्हैस बसली होती. दगड तसूभरही हलेना. आईनं शकुनाला म्हणून पणती दिली होती, ती तिथंच लावली.

रात्री
आईला सगळं सांगितलं. चाळीस फूट बुडी मारली, कान फुटायची वेळ आली, दगड जड म्हणून आला नाही. ती डोळे मिटून ऐकत होती. चेहऱ्यावर समाधान दिसत होतं. मला फार बरं वाटलं. मग तिनं विचारलं, पणतीचं काय केलंस? म्हटलं, उंबऱ्यावर लावली, वारा नव्हता, छान जळत होती.
बोलून गेल्यावर कळलं.
आईनं डोळे उघडले. मग म्हणाली, "मंग मी बी चालत आले असते की रं, पाय धड व्हते तवा."
पाय चेपून देऊ का, म्हणून विचारलं. नको म्हणाली.