जाड तार

४ मे
एकदाची नागपुरात पोचले. धरमपेठेत गोपिकाबाईंकडे वरची खोली मिळाली. घरात त्या आणि सात महिन्यांची गरोदर सून मयुरा. मुलगा मौद्याला नोकरीला, शनिवारी येतो. माझं काम घरोघरच्या फ्यूजपेट्या तपासायचं, हे ऐकून बाई हसल्या. म्हणाल्या, "आपल्याइथं फ्यूज उडतच नाही वं. यायनं सोता बसवला हाय." 'हे' म्हणजे त्यांचे यजमान देवराव, वायरमन, दोन वर्षांपूर्वी वारलेले. पेटीला हळदकुंकू आणि ताजा हार. पूजेतली पेटी कुठे उघडत बसायची? फॉर्मवर 'ठीक' लिहिलं आणि गार पन्हं प्यायले.

९ मे
पारा शेहेचाळीसवर. दोन कूलर, फ्रीज, पंप एकदम चालतात, तरी फ्यूज जात नाही? मनाला पटेना. आज हार बाजूला करून पेटी उघडली. बारीक फ्यूजतारेच्या जागी जाड तांब्याची तार. ती वितळायची नाही. त्याआधी भिंतीतली वायर पेटेल. न बघता 'ठीक' लिहिल्याची फार लाज वाटली. बारीक तार घातली. तासाभरात फ्यूज उडाला, मयुराला भोवळ आली. बाई एवढंच म्हणाल्या, कूलर बंद पडलेला यायले चालत नाही. जणू देवराव अजून घरातच आहेत.

११ मे
जाड तार परत. सासू-सून दोघी म्हणतात, आम्ही हात लावला नाही. बारीक घातली, पेटीला माझं कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात.

१२ मे
कुलूप जसंच्या तसं. आत जाड तार, गरम. देवराव याच पेटीपाशी वारले, हाती तार होती, असं बाई आज बोलल्या. मला भीती वाटते.

मयुराला माहेरी कन्हानला पाठवा म्हटलं. एवढ्या उन्हात काहून, म्हणाल्या.

१३ मे
दुपारी डोळा लागला. उठले तर डाव्या हाताची बोटं काळी. किल्ली मुठीत. म्हणजे मीच —

१४ मे, दुपार
उजव्या हाताने लिहितेय. डावा पेटीत आहे, ऐकत नाही, स्क्रू आवळतोय —

भिंतीतून धूर. मयुरा आत कूलरसमोर झोपलीय. ऊठ, पळ, म्हणून ओरडले. तोंडातून आवाज पुरुषाचा आला —

झोप वं पोरी, आता नाही उड—