पुन्हा पांढरी साडी

केशोरी, ता. अर्जुनी मोरगाव
४ जून २०२५

ती. भाऊस,
सुमनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझे पत्र सोमवारी मिळाले. फोन मुद्दामच करत नाही. मागच्या वेळी मी म्हटले गुडघा धरला आहे, आणि तू विचारलेस लग्न कोणाचे ठरले. तीस वर्षे राईस मिलच्या पट्ट्यांजवळ काढलेल्या कानांना दोष काय द्यायचा? आपली पत्रेच बरी.

एक गोष्ट विचारायची आहे. संस्थेच्या दवाखान्यातून मी निवृत्त झाले त्याला या महिन्यात चार वर्षे होतील. पेन्शन म्हणून जे येते ते तेव्हाही थोडे होते, पण त्यात भागत होते. आता भागत नाही. गॅसची टाकी जास्त दिवस पुरावी म्हणून सकाळचा स्वयंपाक पुन्हा चुलीवर सुरू केला. तुरीची डाळ पाहुणा आला तरच. रक्तदाबाची गोळी मी एक दिवसाआड घेते, हे फक्त तुला लिहिते; राजदीपला कळवू नको.

परवा अर्जुनीहून डॉ. रुचि बिसेन स्वतः घरी आल्या. तिथे त्यांचे छोटे प्रसूतिगृह आहे. त्यांची सिस्टर लग्न होऊन दुर्गला गेली. अनुभवी हात पाहिजे, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. पगार बरा आहे. राजदीपला रायपूरला फोन केला तर तो चिडला. लोक म्हणतील मुलगा आईला पोसत नाही, मीच जास्त पाठवीन, असे म्हणाला. पण दोन लेकरांची फी आणि भाड्याचे घर सांभाळून तो कुठून पाठवणार?

मला खरी अडचण वेगळीच वाटते. माझे करून झाले आहे. आता त्या खुर्चीवर मी बसले तर कोण्या शिकलेल्या पोरीची जागा अडेल. रोज सकाळी जावेसे वाटते आणि संध्याकाळी वाटते नको. तुझे मत सरळ लिही.

वहिनींना जयभीम, तुझ्या लेकीला, अल्काला, आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
सुमन

*

दवनीवाडा
१३ जून २०२५

चि. सुमनले,
केवळरामचे आशीर्वाद आणि जयभीम.

तू विचारलं जाऊ का नको. जाय.

पहिले गोळीचं. एक दिवसाआड कायले घेतेस? साऱ्या केशोरीले रोज घ्या म्हणून दटावणारी तू, अन् स्वतः चोरी करतेस? ह्या एका गोष्टीसाठी तरी नौकरी धर.

राजदीप म्हणते लोक नावं ठेवतील. लोकायले म्हणावं, तेलाचा डबा घेऊन या, मंग नावं ठेवा. मी मिल सोडली त्याले नऊ वर्षं झाली. पहिल्या वर्षी सकाळचा भोंगा झाला का मी उठून बसो. मंग भोंगा ऐकू येणं बंद झालं, तरी त्याच वेळेले उठून बसतो. तुझी वहिनी म्हणते, बसले तर आंगण तरी झाडा. मले कोणी बोलावलं असतं तर मी उद्याच गेलो असतो. पण बहिऱ्या माणसाले मशीनजवळ कोण उभं करते? तुले घरी येऊन बोलावलं. हे लहान नाही.

अन् कोण्या पोरीची जागा अडते, हे मनात आणू नको. त्या पोरीचं तिचा बाप पाहून घेईल.

इकडे धानाचे पऱ्हे टाकून झाले. अल्का घरीच आहे. नर्सिंग पास होऊन तिले दोन वर्षं झाली, होईल कुठंतरी. सध्या तिले फोन करू नको, जरा रागानं तापून राहिली आहे. काऊन, ते विचारू नको.

पहिल्या पगाराची डाळ खाशील तवा मले कळव. भावाची आठवण ठेवशीलच.

केवळराम

*

केशोरी
२१ ऑगस्ट २०२५

ती. भाऊस,
सुमनचा जयभीम.

एक जुलैपासून रुजू झाले. सात वाजताच्या एसटीने जाते. पांढरी साडी ट्रंकेतून काढली तर घडीवर पिवळी रेघ उमटलेली. नीळ घालून नेसले. पहिल्याच आठवड्यात इटखेड्याच्या एका बाईचे बाळ पायाळू होते. डॉक्टरांनी मला हात लावून पाहायला सांगितले, आणि भाऊ, चार वर्षांत काही विसरले नव्हते. त्या दिवशी परत येताना मी एसटीत उभीच होते, पण पाय दुखले नाहीत. गोळी रोज घेते. डाळ रोज असते.

हे पत्र इथेच संपले असते तर मला आनंद झाला असता.

काल डॉक्टरांनी कपाटातले जुने रजिस्टर आणायला सांगितले. त्यात एक अर्ज निघाला. फोटो पाहिला, मग नाव वाचले. अल्का केवळराम मेश्राम. तारीख अठ्ठावीस मे. वर पेन्सिलीने लिहिले आहे, अनुभव कमी. डॉक्टर माझ्याकडे आल्या त्या त्यानंतर पाच दिवसांनी.

म्हणजे तुला माहीत होते. तुझ्या लेकीला नाही म्हटले, आणि तीच जागा मला मिळत होती. मी तुला विचारले आणि तू जाय लिहिलेस. तिचा बाप पाहून घेईल, हेही लिहिलेस. मी तो बाप ओळखला नाही. अल्का माझ्या निरोपांना उत्तर का देत नाही, याचा मी दोन महिने विचार करते आहे, आणि तू मला सांगितले नाहीस.

मी हा महिना संपला की सोडणार. तुझ्यावर मी कधी रागावले नाही, आज रागावले आहे.

तरी तब्येत सांभाळ.

सुमन

*

दवनीवाडा
२९ ऑगस्ट २०२५

चि. सुमनले,
आशीर्वाद.

तुझं पत्र विहारात वर्षावासाच्या वाचनाले बसलो होतो तवा पोस्टमननं हाती देलं. तिथंच वाचलं. मंग पुढचं वाचन मले दिसलं नाही, ऐकू तर तसंही येत नाही.

हो, माहीत होतं. अल्का अर्जुनीले जाऊन आली, तिले सांगतलं कळवतो. दहा दिवसांनी फोन आला का अनुभवी बाई भेटून राहिली आहे. त्याच दिवशी तुझं पत्र. तिनं पाकिटावरचं अक्षर पाहिलं अन् सारं समजली. मले म्हणाली, बाबा, आत्याले लिहा का जागा माझी आहे. मी नाही म्हटलं. तवा ती बोलली, तुमी माझे बाप आहात का आत्याचे भाऊ? मी पाटीवर लिहून दे म्हटलं, ऐकू आलं नाही म्हणून. ऐकू आलं होतं. तिनं लिहूनही देलं.

काय सांगू तिले? तिच्यापाशी पुढची तीस वर्षं आहेत. तू गोळी एक दिवसाआड खात होती. दोघी माझ्याच. ज्या घरात चूल आज अडली त्या घराकडं मी पाहिलं. हे चूक असन तर चूक. पण तुले सांगतलं असतं तर तू गेली नसती, अन् हे तुले बी माहीत आहे.

आता सोडू नको. तू सोडशील तर अल्काले कोणी बोलावणार नाही, डॉक्टरीण तिसरीलेच घेईल. मंग दोघी घरी बसा अन् मले शिव्या द्या.

राग धर, पण पत्र लिहीत जाय.

केवळराम

*

केशोरी
१७ सप्टेंबर २०२५

चि. अल्का हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

हे पत्र पूर्ण वाच, मग फाड.

मी नोकरी सोडणार होते ती तुझ्यासाठी. तुझ्या बाबांनी थांबवले. मीही थांबले, आणि खरे सांगते, मला बरे वाटले. काम आवडत होते. पगारही पाहिजे होता.

मागच्या गुरुवारी दुपारी एक बाळंतीण मोकळी झाली. तिचा रक्तदाब चढलेला होता. रक्तस्राव होऊ नये म्हणून इंजेक्शन द्यायचे असते, हे तू शिकली आहेस. फ्रिजच्या ट्रेमध्ये दोन प्रकारच्या कुप्या शेजारी असतात. रक्तदाबाच्या बाईला त्यातले एक अजिबात चालत नाही. मी तेच भरले होते. बाहेर ढग होते, अक्षर पुसट दिसले, आणि हाताला सवय असल्याने मी पुन्हा पाहिले नाही. धुरपताबाई झाडझूड करते, तिने सहज विचारले की आज या कुपीची पट्टी वेगळ्या रंगाची कशी. सुई त्या बाईच्या दंडापासून वीतभर होती.

काही झाले नाही. धुरपताबाईला कळलेही नाही की ती काय बोलली. कोणालाच कळले नसते. बाई दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन हसत घरी गेली, जाताना माझ्या पाया पडली. ते मला सहन झाले नाही. मी डॉक्टरांकडे गेले आणि सगळे सांगितले.

त्यांनी आधी मला खिडकीजवळ बसवले. मग टॉर्च घेऊन त्यांनी माझे डोळे पाहिले. दोन्हीकडे मोतीबिंदू. त्या म्हणाल्या की आता एकटीला प्रसूतीच्या खोलीत ठेवता येणार नाही आणि दोघींचा पगार त्यांना परवडत नाही. मी म्हटले, कपाटात एक अर्ज आहे. त्यांनी तुला फोन करायचे कबूल केले आहे.

अल्का, ही जागा मी तुला सोडत नाही. ती माझ्या हातून गेली आहे. म्हणून दया समजू नको आणि उपकारही नको. तू यावीस एवढेच वाटते.

रागात असलीस तरी आत्याच म्हण.

सुमन

*

दवनीवाडा
२५ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
अल्काचा जयभीम.

मला पत्र लिहायची सवय नाही. बाबा म्हणाले पत्रच लिही, मोबाईलवर राग नीट मावत नाही.

मला तुझा राग नव्हता, बाबांचा होता. नाही, हे खोटं आहे. तुझाही होता. प्रसूतिगृहाच्या स्टेटसवर तुझा पांढऱ्या साडीतला फोटो आला तेव्हा मी मोबाईल पालथा ठेवला. ज्यांची नोकरी करून झाली त्यांनी घरी बसावं, आमच्यासारख्यांनी किती दिवस फॉर्म भरत राहायचं, असं मी आईला म्हटलं. आईने विचारलं, तुझी आत्या घरी बसून काय खाते, माहीत आहे का?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू बोलली नसतीस तर चाललं असतं. मी तुझ्या जागी असते तर बोलले असते का, हा विचार दोन दिवस डोक्यातून जाऊन नाही राहिला.

मॅडमचा फोन आला. मी सरळ सांगितलं की स्वतःच्या हाताने मी फक्त चार बाळंतपणं केली आहेत. पंधरा दिवस तू माझ्यासोबत राहशील, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. बल्लारशा पॅसेंजरने ६ ऑक्टोबरला येते.

पण मी तुझ्याच घरी राहणार आणि किराणा मी भरणार. नाही म्हणशील तर अर्जुनीत खोली करीन आणि तुझ्या दारावरून जाईन पण आत येणार नाही. बाबांना हे लिहिलेलं दाखवलं, ते हसले. खूप दिवसांनी हसले.

डोळ्यांचं ऑपरेशन लवकर करून घे. बाकी समोर आल्यावर भांडू.

तुझी,
अल्का

*

केशोरी
२६ नोव्हेंबर २०२५

ती. भाऊस,
सुमनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

धान घरात आला हे वाचून बरे वाटले. माझे दोन्ही डोळे झाले. गोंदियाच्या शिबिरात केले, खर्च आला नाही. तांदळातला खडा आता मला दिसतो, पण अल्का निवडू देत नाही.

तिच्या पैशाचा किराणा घरात येऊ लागला तेव्हा पहिले आठ दिवस मी अर्ध्या ताटावरून उठत होते. ती म्हणाली, मी भाडे देत नाही, त्याचे काय? मग मी पूर्ण जेवले. डॉक्टरांनी मला मंगळवारपुरते बोलावले आहे, गरोदर बायांना तपासायला. सुई नाही, कुपी नाही, फक्त हात. पैसे थोडे आहेत. पुरतात असे म्हणणार नाही, पण गोळ्या आणि विजेचे बिल निघते. राजदीपही आता चिडत नाही. रिकामे दिवस अजून जड जातात, हे तुला सांगायला नको.

काल मंगळवार होता. तपासणी आटोपली तेवढ्यात मंदाबाई नावाच्या एका बाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या. डॉक्टर वरच्या मजल्यावर ऑपरेशनमध्ये होत्या. खोलीत अल्का आणि धुरपताबाई. मी बाहेर बाकावर बसले. मंदाबाई माझ्याजवळ आली आणि म्हणाली, तुम्ही सिस्टर ना, मग आत काऊन नाही जात? मी सांगितले, सिस्टर आत आहे.

बाळ बाहेर आल्याचे मला धुरपताबाईच्या आवाजावरून कळले. पण रडणे ऐकू आले नाही. भाऊ, ते क्षण किती होते ते मी मोजू शकले नाही. अल्काने हाक मारली असती तर मी दार तोडून गेले असते. तिने मारली नाही. मी दोन्ही हातांनी बाकाची कड धरून ठेवली. आत काय करायचे असते ते एकेक माझ्या बोटांना आठवत होते, आणि मी उठले नाही.

मग बाळ रडले. चांगले मोठ्याने, चिडून.

थोड्या वेळाने अल्का बाहेर आली. आधी मंदाबाईला सांगितले की मुलगी आहे, दोघी बऱ्या आहेत. मग माझ्याकडे वळली. घाम पुसायला माझा पदर ओढला आणि बाकावर माझ्या शेजारी बसली.

एवढे कळवावेसे वाटले. वहिनींना जयभीम. आम्हा दोघींवर सारखीच माया ठेव, आता वाटणी करू नको.

तुझी,
सुमन