हायूलची टिकली

२३ ऑक्टोबर, सोमवार

दिवा माझ्याकडे आला. इतकी वर्षं तो मावशीच धरायची, आता तिचा खांदा धरलाय.

काम असं — डॉक्टर प्यो दातावर पांढरा लेप लावतात, त्यावर धातूची बारीक टिकली बसवतात. मग मी निळा दिवा टिकलीच्या कडेला धरायचा आणि पिप वाजेपर्यंत हलायचं नाही. लेप तोवर मलमासारखा मऊ असतो, निळा उजेड पडला की दगड. सगळ्या टिकल्या बसल्या की त्यांतून तार ओवतात. मी नारिंगी काचेतून बघत असते. बघण्यासारखं काही होत नाही. आत होतं म्हणे.

डॉक्टर प्रत्येक नव्या पेशंटला एकच वाक्य ऐकवतात — 'दोन वर्षं लागतील. तोवर गाव सोडायचं नाही.' आणि लोक हो म्हणतात! मागच्या दोन वर्षांत मी स्क्विडच्या बोटीवर होते, जेजू बेटावर संत्र्यांच्या गोदामात होते, बुसानला एका हमामात टॉवेल धूत होते. तिथला मॅनेजर एका पोपटाशी बोलायचा — पण ते राहू दे.

मावशीच्या घरी माझी बॅग अजून भरलेलीच आहे. ती म्हणते, 'उघड तरी एकदा. आत काही कुजत असेल तर कळेल.'

२४ ऑक्टोबर

खुर्चीमागच्या खिडकीतून जेजूची बोट दिसते. दिवा धरायला ही जागा बरोबर नाही.

३० ऑक्टोबर, सोमवार

मागच्या आठवड्यात लावलेल्या टिकल्यांपैकी दोन पडल्या. दोन वेगळी पोरं, दिवा माझाच.

डॉक्टर म्हणाले, 'दिवा कुठे होता?'

'दातावर.'

'आणि तू?'

बोटीचा भोंगा झाला की मान वळते, मान वळली की हात वळतो, आणि उजेड गालावर पडतो. डॉक्टरांनी सुईसारखं हत्यार दातावरच्या लेपात खुपसून दाखवलं. गेलं आत. कच्चा.

त्यात दुपारी मी खुर्चीवरच्या मोठ्या दिव्याचा उजेड सरळ लेपाच्या ट्रेवर सोडला. डॉक्टर हातमोजे चढवेपर्यंत लेप ट्रेवरच वाळून खडा झाला. 'आता हा कोणाच्या दाताला लावू?' एवढंच म्हणाले आणि टाकून दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

पोरांची कॉलेजप्रवेशाची परीक्षा जवळ आली. डॉक्टरांच्या आई टोपली घेऊन आल्या — घरी केलेल्या यॉतच्या वड्या. तांदळाचा पाक ओढून ओढून केलेल्या, दाढेला धरून बसणाऱ्या. चिकट खाल्लं की यश पोराला चिकटून राहतं, म्हणून दर वर्षी करतात. टोपली काउंटरवर, शेजारी आजी स्वतः. पोरं तारांसकट वाकून आभार मानतात आणि मूठभर नेतात.

मीही खाल्ल्या. मला कसली परीक्षा नाही, असं मावशी म्हणाली.

८ नोव्हेंबर, बुधवार

हायूलची टिकली पडली. ही वरच्या मजल्यावरच्या क्लासला येते. कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसतेय, त्यामुळे बोलायला कोणाला घाबरत नाही.

'ताई, तो दिवा आहे की काजवा?'

मी सॉरी म्हटलं.

'परीक्षेच्या तोंडावर काही पडलेलं चालत नाही, पडणं म्हणजे नापास होणं. आई तर घरात तो शब्दही काढू देत नाही. काल बशी पडली, तर म्हणते, खाली बसली.'

डॉक्टरांनी टिकली पुन्हा लावली. नंतर आतल्या खोलीत बोलावलं. 'दाओन, अजून एक पडली तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. मावशीला मी सांगेन, तू सांगू नकोस.'

आजवर कोणी काढून टाकायच्या आत मीच निघायचे. आज घरी येऊन बॅग बघितली. उचलाविशी वाटली नाही. मलमाचा दगड होताना मी अजून एकदाही नीट बघितलेला नाही.

१३ नोव्हेंबर, सोमवार

खिडकीला पडदा लावला. भोंगा झाला. मान हलली नाही.

मावशीने बघितलं. जेवताना माझ्या वाटीत मुळ्याचं किमची नेहमीपेक्षा जास्त.

१५ नोव्हेंबर, बुधवार

जेवणाची सुटी. डॉक्टर आणि मावशी समोरच्या नूडल्सच्या दुकानात, आजी काउंटरवर पेंगत. हायूल आली. कागदी रुमालात टिकली. परीक्षा उद्या.

'ताई, तूच लाव. लेप तिथे आहे, दिवा तुझ्याकडे आहे.'

'डॉक्टरांना बोलावते.'

'म्हणजे तुझी नोकरी गेली. आजींनी सांगितलंय मला सगळं. तू लाव, मी गप्प बसते. तुझं काम राहील, माझं डोकं शांत राहील.'

लेपाची नळी मी हातात घेतली होती, हे इथे लिहून ठेवते. टोपण उघडलं, बंद केलं. दिवा धरणं वेगळं. दात कसा साफ करायचा, टिकली नेमकी कुठे बसवायची, मला कुठे येतं? वाकडी बसली तर तार दात वाकडा ओढणार.

फोन केला.

'मूर्ख आहेस,' हायूल म्हणाली. मग म्हणाली, 'मीपण. तिसऱ्यांदा बसतेय.'

डॉक्टर आले, शर्टावर रस्सा. टिकली उलटून पाहिली, दात टोकरून पाहिला. 'लेप दगड आहे. उजेड पुरेपूर पडलाय.' मग चिमट्याने तारेमागून काहीतरी धरलं आणि ओढलं. तपकिरी धागा. येतच राहिला.

'हे काय खाल्लंस?'

हायूलने काउंटरकडे बोट केलं. 'रोज. क्लासला जाताना, येताना. आजी म्हणाल्या, जेवढं चिकट तेवढं चांगलं.'

आजी जाग्या झाल्या होत्या. डॉक्टर त्यांच्याकडे वळले.

'आई.'

'काय रे?'

'यंदा छान झालंय.'

मावशीने टोपली उचलून आत नेली. मुंग्या लागतील म्हणाली. नोव्हेंबरच्या थंडीत.

डॉक्टरांनी टिकली बसवली. मी दिवा धरला. पिप वाजल्यावर म्हणाले, 'अजून एकदा धर.' मी नारिंगी काचेतून बघत राहिले. काही दिसलं नाही. पण नंतर त्यांनी हत्यार टोचलं, तेव्हा ते आत गेलं नाही.

दुसऱ्या माणसाचा विषय निघाला नाही.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

परीक्षा. रस्ते मोकळे राहावेत म्हणून दवाखाना उशिरा उघडला. पोरांना इंग्रजी नीट ऐकू यावं म्हणून विमानंही थांबवतात.

संध्याकाळी हायूल आली, ओठ वर करून दाखवला. सगळ्या जागेवर.

'पेपर कसा गेला?'

'ते वेगळं.'

२७ नोव्हेंबर, सोमवार

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवून बघितलं होतं. म्हणाले होते, 'तुझेही वाकडे आहेत. दोन वर्षं लागतील.' गाव सोडायचं नाही, हे पुढचं वाक्य बोलले नाहीत, थांबले. माझं तोंड उघडं होतं, म्हणून नुसती मान डोलावली.

आज टिकल्या बसल्या. खांदा दुखत असूनही दिवा मावशीनेच धरला. पिप वाजेपर्यंत हलली नाही. घरी आल्यावर बॅग उघडली. आत काही कुजलेलं नव्हतं.