फ्रिजवरची तीन वाक्यं

चिमणे,

आज माझी सुट्टी असूनही मी हॉटेलच्या लाँड्रीत चाललेय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. इस्त्रीचा प्लग काढला की नाही आठवत नाही, आधी ते बघ.

तू कॉलेजला गेल्यावर सुपरवायझर मॅडमचा फोन आला. ती पुस्तकातलं इंग्रजी बोलत नाही, मैत्रिणींशी बोलावं तसं भरभर बोलते. मला ओ की ठो कळलं नाही. मग मी, तू फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावरची वाक्यं ओळीने म्हणून टाकली. आधी "शुअर", मग "साउंड्स गुड", शेवटी "नो वरीज". ती थँक यू म्हणाली आणि फोन ठेवला.

एरवी तिच्या तोंडाचा पट्टा चालू असतो, आज फारच गोड बोलत होती. मागच्या महिन्यात पडदे धुणाऱ्या बाईला काढलं, तेव्हाही अशीच गोड बोलली होती. मी कशाला हो म्हणून बसलेय देव जाणे. गेटवरच्या वॉचमनला आपली भाषा येते, त्याला सोबत घेऊन विचारते.

तू तिला फोन करू नकोस. मागच्या वेळी केलास, तर आठवडाभर सगळ्यांसमोर मला "मुलीला विचारून ये" म्हणत होती.

कागदावर खाली जागा आहे. "मला समजलं नाही, परत सांगा" हे कसं म्हणायचं ते तिथे लिहून ठेव. अजून काय शिकायचंय असं तू विचारलं होतंस, तेव्हा हेच हवं होतं. पण तुझ्यासमोर म्हणवलं नाही.

आई