ज्याचा विषय, तो ओट्यावर

प्रिय नओमी,

तुझ्या मागच्या दोन्ही फोनवर मी धड बोलले नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू लगेच विचारतेस, "मग आई, काय ठरलं?" आणि माझं काहीच ठरलेलं नसतं. कागद तसा मधे बोलत नाही. ओळी वरखाली गेल्या असतील तर सांभाळून वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

धुळ्यात थंडी पडू लागली आहे. भरताची वांगी आली आहेत. परवा झुंबरबाईने पांझरेच्या काठावर काटक्या पेटवून वांगी भाजली आणि निम्मं भरीत मला आणून दिलं. मी एकटी खाणारी, पण तिला निम्म्याशिवाय देताच येत नाही. शेजारची रत्ना म्हणते, "मावशी, तिथे इस्राएलात भोंगे वाजतात, लोक तळघरात पळतात, तुम्ही कशाला जाता?" मी म्हटलं, अगं, मला पळायला कुठे येतं. ती हसली.

तू आपल्या निधीच्या पैशांवर शिकलीस, पण तो निधी कसा चालतो हे तुला कुणी नीट सांगितलं नाही. मी चौथी शिकलेली बाई. ट्रस्टचा दस्त मीही तुझे बाबा गेल्यावरच वाचला, वाचनालयातून कायद्याचं जाडं पुस्तक आणून, शब्द लावत लावत. तो आता तुला सांगायला हवा. का, ते पुढे येईल.

धुळे, जळगाव, भुसावळ इथली आपली माणसं इस्राएलला जायला लागली, तेव्हा प्रत्येक घराने निघताना काहीतरी मागे ठेवलं. कुणी कपाट विकून, कुणी बायकोची एक बांगडी मोडून. त्या पैशाला हात लावायचा नाही, फक्त त्याचं व्याज वापरायचं. बाबा म्हणायचे, "मूळ रक्कम म्हणजे विरजण. तेही पिऊन टाकलं तर उद्याचं दही कशाला लावणार?" देणाऱ्याने आपली इच्छा सांगावी, हुकूम करू नये, असंही त्यात लिहिलं आहे. विश्वस्त पाच. दरवर्षी हिशोब तपासून धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात द्यायचा. मतं सारखी पडली तर जुनं आहे तेच चालू. आणि ज्या विश्वस्ताच्या घरचा विषय निघेल, त्याने उठून बाहेर जायचं. बैठका आपल्याच पुढच्या खोलीत व्हायच्या, त्यामुळे बाहेर म्हणजे आपला ओटा. "ज्याचा विषय, तो ओट्यावर," असं सगळे थट्टेने म्हणत, पण उठायचं कुणी चुकवलं नाही.

तुझा नर्सिंगचा अर्ज आला तेव्हा बाबा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. तू स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होतीस. आत बाकीच्या विश्वस्तांना एझ्राभाऊ कुठलातरी विनोद सांगत होते, म्हणून उशीर होत होता, आणि तुला वाटत होतं तुझ्यावरूनच भांडण चाललंय. मी चहा घेऊन बाहेर गेले, तर बाबांनी एकदाही विचारलं नाही, आत काय चाललंय म्हणून. शेंगांचे दाणे मात्र त्यांनी टरफलांत टाकले होते आणि टरफलं ताटलीत. तेवढ्यावरून मला कळलं.

तू मुंबईला गेलीस, मग अश्दोदला. तुझ्यासारखीच बाकीच्यांची पोरं गेली. निधीने आपलं काम चोख केलं, आणि म्हणूनच इथे कुणी उरलं नाही. हे मी रागाने लिहीत नाही. ज्या झाडाला खत घातलं ते वाढणारच.

त्याच दस्तात बाबांनी पुढे एक कलम घालून घेतलं होतं. व्याजाचा एक भाग आपल्या कबरस्तानाच्या राखणीला द्यायचा, पण या दोन जिल्ह्यांत आपलं कुणी राहतंय तोवरच. शेवटचं माणूस गेलं की तोही भाग पोरांच्या शिक्षणाला. "मेलेल्यांना सावली लागत नाही, पोरांना फी लागते," असं ते भर बैठकीत म्हणाले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. तेव्हा ते धडधाकट होते, एस.टी.च्या डेपोत दिवसभर उभे राहून घरी येत आणि वर सायकलवर भाजी आणत. ते स्वतः त्या कबरस्तानाच्या भिंतीच्या आत असतील हे कुणाच्या मनात येणार?

पोळ्याच्या सुमारास जळगावच्या मिल्काबाईंना त्यांच्या मुलाने ठाण्याला नेलं. आता दोन्ही जिल्ह्यांत आपली म्हणून मीच.

झुंबरबाई तुला आठवत असेल. तिचा नवरा वना राखणदार होता, तो गेल्यावर ती. बाभळी छाटते, शेळ्या हाकलते, कुणी गाद्या-फरशांचा कचरा भिंतीवरून टाकला तर त्याच्या दारापर्यंत जाऊन शिव्या घालते. बाबांना पुरलं तेव्हा मुंबईहून गाड्या वेळेवर पोचल्या नाहीत, प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष झाले नाहीत, मयताचा कद्दीश म्हणायचा राहिला. तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "तुमना देवले बाया मोजता येत नहीत का?"

मी गेल्यावरही राखण चालू राहावी, ते कलम बदलावं म्हणून मीच अर्ज केला. बाबांच्या जागी मी विश्वस्त आहे, पण विषय माझ्या घरचा. तेव्हा मागच्या रविवारी माझ्याच घरात, माझाच चहा पिणाऱ्या माणसांमधून उठून मी ओट्यावर गेले. झुंबरबाई खाली पायरीवर बसली होती. तिच्याही पोटाचा प्रश्न. दार लोटलेलं असलं तरी सगळं ऐकू येत होतं. एझ्राभाऊ माझ्या बाजूने बोलले. मग पुण्याची तरुण डॉक्टर, तीही विश्वस्त, बोलली. तिने पनवेलच्या एका मुलीचं नाव घेतलं, वडील नाहीत, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. आणि म्हणाली, "शालोमकाकांचंच वाक्य आहे, मेलेल्यांना सावली लागत नाही." तिचं काही चुकलं असेल तर मला दाखव. मी शोधून पाहिलं. दोन मतं इकडे, दोन तिकडे. जुनं आहे तेच चालू.

झुंबरबाईला मी समजावलं. ती पदर झटकत उठली आणि म्हणाली, "तू जाय माय. बठ्ठा गयात, तूबी जाय. मी शे ना आठे." म्हणजे सगळे गेले तरी ती इथे आहेच, पगाराशिवाय राखण करणार. मी तिला तसं करू देणार नाही असं म्हटलं, पण तिथे अश्दोदला बसून मी काय अडवणार आणि कशाच्या जोरावर? माझी चार भांडी विकून तिला देईन, ती किती दिवस पुरतील?

आता जे फोनवर सांगता आलं नाही ते. जळगावच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आहे. डावा डोळा गेलाच आहे. उजव्याला थेंब चालू आहेत, पण गेलेलं परत येत नाही म्हणाले. वाचनालयाची पुस्तकं मी गेल्या आठवड्यात परत केली. बाबांच्या दगडावरचं नाव परवा मला बोटांनी वाचावं लागलं. मी इथे राहिले तर राखण चालू राहील, पण मग माझी राखण कुणी करायची? दगडापाशी बसून बाबांना विचारलं. शेवटी झुंबरबाईने हात धरून उठवलं.

म्हणून तू काढलेल्या तिकिटावर मी येते आहे. मी निघाले की दस्ताप्रमाणे माझी विश्वस्ताची जागा तुला मिळेल, तसं पत्र तुला येईल. नाही म्हणू नकोस. पुढच्या बैठकीत एझ्राभाऊ हा विषय पुन्हा काढणार आहेत. तू फोनवर असशील, आणि ते तुला सांगतील, नओमी, हा तुझ्या वडिलांचा विषय, तू जरा बाहेर जा. वाद घालू नकोस, रडू नकोस. मतं पुन्हा सारखीच पडतील, मला माहीत आहे. तू फक्त फोन टेबलावर ठेव आणि खोलीबाहेर ये. तुझ्या घराला ओटा नाही, पण बाल्कनी आहे ना? मी तिथे बसलेली असेन.

तुझीच,
आई