बासष्टाव्या मण्याला उघडलं

आण्णा, गेल्या महिन्यात पार्सल आलं. तुमच्या धाकट्याने पुण्याहून त्याच्या हापिसातून काढून टाकलेला लॅपटॉप पाठवला. तो फुकट, पार्सलचे एकशे ऐंशी, सोबतच्या तीन सीड्यांचे साठ. तुम्ही गेलात तेव्हा धर्मापुरीत फोनसुद्धा दोनच घरी होता, म्हणून सांगते, लॅपटॉप म्हणजे वहीसारखा मिटणारा कॉम्प्युटर.

तुमच्या नातीला तो शिकायचाय. क्लास केजला. ह्यांचं म्हणणं, "रोज एस्टीनं पोरगी धाडायची न्हाई. घरी सराव होत असंल तर आठवड्यातून दोन दिवस जाऊ दे. न्हाईतर बारावी झाली, बास." म्हणजे सगळं त्या यंत्रावर आलं, आणि ते सुरू व्हायलाच डाळ शिजायचा वेळ घेई. केजच्या दुकानदाराने उघडून पाहिलं अन् हसला. "काकू, नवी सिस्टिम ह्याला झेपायची न्हाई. भंगारात द्या. न्हाईतर जुनीच चोरून कॉपी मारून देतो, कोण बघतंय?" बघणारा बघतोच की, म्हटलं, आणि लॅपटॉप पिशवीत घालून परत आणला.

धाकटा फोनवर म्हणाला, जुन्या यंत्रांसाठी हलक्या सिस्टिम असतात, लिनक्सच्या, फुकट. त्याच ह्या सीड्या. आतलं काही न पुसता नुसत्या चालवून बघता येतात. हे मला पटलं. तुम्ही आडतीवर पोत्यात नळी खुपसून वरची, मधली, तळाची ज्वारी तळहातावर घेतल्याशिवाय भाव बोलत नव्हता. मी सीडी घातली आणि हातात जपमाळ घेतली, एका मण्याला एक 'नमः शिवाय'. पहिली दिसायला देखणी, पण दोन माळा झाल्या तरी पडद्यावरचं चक्र फिरतंच आहे. दुसरी एका माळेत उघडली, तर मराठी अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी. तिसरी बासष्टाव्या मण्याला उघडली, राखाडी, साधी, अक्षरं स्वच्छ.

"लई गावठी दिसतंय गं आई," लेक म्हणाली.

"नांदायचं हाय तिच्यासंगं, मिरवायचं न्हाई."

बॅटरी मेलेली होती. सिस्टिम बसवताना मध्येच लाइट गेली तर सगळं वाया. म्हणून सोमवार धरला, दुपारी तीन तास लाइट असते, आणि उपवास असल्याने स्वयंपाकाची घाई नाही. लेक वाचतेय, मी बटण दाबतेय. "आई, सगळं पुसू का विचारतंय." माझा हात थांबतो. मग दाबते. पाऊण तास दोघी पंख्याकडे बघत बसलो, थांबला की गेली लाइट. थांबला नाही.

ह्यांनी चहा पिता पिता स्वतःचं नाव पडद्यावर मराठीत उमटलेलं पाहिलं. "मंगळवार, शुक्रवार जा," म्हणाले, "अन् पाचच्या एस्टीनं घरी."

आण्णा, माझा मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा तुम्हीही "बास" म्हणाला होता. ते मी इतकी वर्षं तुमच्या माथी मारत आले. पण खरं सांगायचं तर, ह्यांनी म्हणायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात लेकीला तो शब्द आधी मीच बोलले. एस्टीत एकटी बसलेली ती डोळ्यांपुढे आली आणि जीव घाबरला. ह्यांना हे अजून ठाऊक नाही.

तुम्हालाही तसंच झालं होतं का? हे पत्र पेटीत पडायचं नाही, मला कळतं. तरी तेवढं एक उलट टपाली कळवा.